पुन्हा एकदा 'सी.आय.डी.'

यंदा दिवाळीच्या सुटीत विद्यानगरातील आमच्या घरी बाबांसमवेत 'सी.आय.डी.'चे जुने भाग पुन्हा पाहण्याचा योग आला. बी. पी. सिंग यांच्या या हिंदी मालिकेचे पहिले पर्व १९९८ ते २०१८ इतके दीर्घकाळ चालले. लहानपणी मला तीत केवळ दयाच्या लाथेने मोडणारे दरवाजे दिसत. (दयाचे काम करणारे दयानंद शेट्टी मूळचे आपल्या कर्नाटकातले, याचा मला कोण अभिमान!)

शिवाजी साटम यांनी रंगविलेले प्रद्युम्न गुन्हेगारीकडे वळलेल्या आपल्याच मुलावर, नकुलवर, गोळी झाडतात, तो प्रसंग या वेळी लागला. पूर्वी माझे लक्ष पिस्तुलाकडे असे. आता ते पित्याच्या चेहऱ्यावर खिळले. गतवर्षी शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फोडून मी नाकबूल झालो, तेव्हा बाबांनीच हात धरून मला त्यांच्या दारात उभे केले होते. आठ दिवस मी अबोला धरला. त्यांना त्या वेळी काय वाटले असेल, हे मी कधी विचारलेच नव्हते.

भाग संपल्यावर विचारले.

"ते दार वाजविणे तुझ्यापेक्षा मलाच जड गेले," एवढेच बोलून बाबा दिवा मालवावयास उठले.