गोंडस वेशाची भीड कशाला?

टोकियोच्या हाराजुकू भागात १९७७ ते १९९८ या काळात रविवारी हमरस्ता वाहनांना बंद असे आणि तरुण मंडळी मनाजोगता वेश करून तेथे जमत. त्या वेशांतील अनेकांचा प्राण 'कवाई' या एका जपानी शब्दात आहे. कवाई म्हणजे गोंडस. 'देकोरा' वेशातील मुली केसांत रंगीबेरंगी चिमट्यांची दाटी करतात. 'लोलिता' वेशात गुडघ्यापर्यंतचा फुगीर घेर, झालरी आणि लेस असते. या दुसऱ्या नावावरून कोणी भलती शंका घेऊ नये. वेश अंग झाकणारा आणि मर्यादशील आहे.

छायाचित्रकार शोइची आओकी यांनी १९९७ साली 'फ्रूट्स' हे मासिक काढून ही मुले टिपली. २०१७ साली ते छापणे त्यांनी थांबवले. टिपावे असे वेश आता दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. तयार कपडे स्वस्त झाले, की स्वतः जुळवण्याची हौस मंदावते, असे आम्हांस वाटते.

तरीही ती विझलेली नाही. मिसाको आओकी या व्यवसायाने परिचारिका. लोलिता वेशासाठी त्यांना परराष्ट्र खात्याने २००९ साली 'कवाई दूत' नेमले. रुग्णसेवा करणारे हातच झालरीही नीटनेटक्या करतात. तेव्हा असा वेश म्हणजे उडाणटप्पूपणा, हे समीकरण टिकत नाही.

आपल्या घरची लेक काही निराळे लेवून उंबऱ्यात उभी राहिली, तर हसण्याआधी आपण एवढेच विचारावे, "बाळ, हे तू कसे जुळवलेस?"