देवमाशाच्या कानातला मळ

परवा माळा आवरताना जुन्या कात्रणांची पिशवी हाताला लागली. त्यात माझीच एक बातमी होती, जून 2015 ची. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर 42 फुटी निळा देवमासा जिवंत वाहून आला होता, आठवत असेल तुम्हाला. गावकऱ्यांनी, वनखात्याच्या माणसांनी प्रयत्न केले, पण पावसाळी समुद्र आणि एवढं धूड, जमलं नाही. मेला तो. मी पेण, वडखळ करत भर पावसात बाईकवरून पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. गर्दी मात्र हटली नव्हती.

मथळ्यात मी लिहिलं होतं ‘महाकाय’. खाली लांबी, अंदाजे वजन आणि वाळूत पुरल्याची माहिती. झाली बातमी.

आता वाचली आणि लाज वाटली. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतःच 23 फुटांच्या आसपास असतं, आणि वाढ पुरी झालेला सहज 70 फूट भरतो. म्हणजे ते 42 फुटांचं पोर होतं, कदाचित अजून अंगावर पिणारं. मी बाळाला महाकाय म्हणून मोकळा झालो, आई कुठे असेल हे डोक्यातही आलं नाही. त्याच वर्षी, पावसाच्या आधी, सिंधुदुर्गात कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांना निळ्या देवमाशाची मादी पिल्लासह दिसली होती. हे तेच पिल्लू असं मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. पण बातमीदाराला विचारायला काय जात होतं?

देवमासा हा मासा नाही हे शाळेत शिकलोय आपण. पण निळ्या देवमाशाला दात नसतात हे मला फार उशिरा कळलं. आईच्या पोटात असताना दातांचे कोंब येतात आणि जन्माआधीच विरघळतात. मग टाळूला झालरीसारख्या पट्ट्या फुटतात, आपली नखं ज्याची बनतात त्याच केराटिनच्या. त्यांनी तो पाणी गाळतो आणि कोळंबीसारखे बारीक जीव गिळतो. उरण नाक्यावर सुका जवळा घेताना आठवा, जगातला सगळ्यात मोठा प्राणी साधारण तसल्याच खाण्यावर जगतो. (आणि ती ‘व्हेलची उलटी’, जिच्या तस्करीच्या बातम्या आम्ही हौसेने छापतो, ती याची नव्हेच. ती दातवाल्या स्पर्म व्हेलची.)

पण खरी गोष्ट कानाची आहे. या दात नसलेल्या देवमाशांच्या कानात जन्मभर मळ साचत जातो, थरावर थर. एक फिकट, एक गडद. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखं मोजून वय काढतात. 2007 मध्ये कॅलिफोर्नियाजवळ जहाजाची धडक बसून एक निळा देवमासा मेला. त्याच्या कानातला साधारण 25 सेंटिमीटरचा गोळा अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी थराथराने तपासला. 2013 मध्ये निष्कर्ष छापून आले: वय 12 वर्षं, वयात कधी आला ते, अंगात पारा किती गेला ते, आणि डीडीटीसारखी विषं सगळ्यात जास्त गेली ती पहिल्या सहा महिन्यांत. म्हणजे आईकडून, गर्भात आणि दुधातून.

पुढे 2018 मध्ये वीस देवमाशांचे असे गोळे तपासले. जिथे शिकार वाढली तिथे त्या मळात ताणाचं संप्रेरकही वाढलेलं सापडलं. दुसऱ्या महायुद्धात शिकार घटली, तरी ताण चढाच होता. यातले जुने गोळे संग्रहालयांत वर्षानुवर्षं पडून होते. त्यातून कधी काळी हे निघेल हे ठेवणाऱ्याच्या स्वप्नातही नसणार.

आपल्याकडेही असंच घडलंय. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोटहून आणलेले दगड त्यांच्या पश्चात कित्येक वर्षं तसेच होते. त्यांच्या पत्नीने ते संशोधक थेविसन यांच्याकडे दिले. दगड साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचं हाड दिसलं, थेट देवमाशासारखं! साधारण 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा, खुरांचा, मांजराएवढा प्राणी. इंडोहायस. देवमाशांचा जमिनीवरचा जवळचा नातेवाईक, 2007 मध्ये जगापुढे आला. कोणीतरी दगड जपले म्हणून.

आणि आपण? 2023 च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला एका पिल्लासाठी लोक रात्रंदिवस राबले. तेही वाचलं नाही, पण माणुसकी कमी पडली नाही. माझी तक्रार आम्हा बातमीदारांबद्दल आहे. मेल्यावर आमची बातमी खड्ड्याशी संपते. नर की मादी, नमुने घेतले का, घेतले तर कुठल्या प्रयोगशाळेत गेले, सहा महिन्यांनी काय कळलं, कोणी विचारत नाही. दारात न्हावा-शेवासारखं बंदर, रोज जहाजांची ये-जा. धडकेने मेला की आजाराने, हे तरी कळायला नको?

किनाऱ्यावर असं काही दिसलं तर आधी वनखात्याला 1926 वर फोन करा, मग मला. आणि 2015 च्या त्या पिल्लाबद्दल मी आता, उशिरा का होईना, चौकशी सुरू केलीय. तेव्हा रेवदंड्याला असलेल्या कोणाकडे फोटो असतील तर इनबॉक्स करा. सेल्फीही चालेल, मागे तो नीट दिसला पाहिजे.