सिन-ए-यास

लग्नाच्या हॉलमध्ये गेलं की अम्मी दाराजवळची खुर्ची धरायची. आम्ही बहिणी तिला पुढे बोलवायचो, दुल्हनजवळ बस म्हणायचो, ती हातानेच नको म्हणायची. मला वाटायचं, गर्दीत तिचा जीव घुसमटतो. ती दार पाहत नव्हती, मोरी कुठे आहे ते पाहत होती, हे कळायला मला चार-पाच वर्षं लागली. मी बी.एस्सी., बी.एड. आहे. नंदुरबारच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या पुस्तकात पाळीचं चक्र आहे, ते फळ्यावर आकृती काढून शिकवते. आणि घरात काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

अम्मीची पाळी सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली. आपल्याकडच्या बायकांची साधारण त्याच वयात जाते. अंगाची आग, घाम, चिडचिड हे सगळं दोन-तीन वर्षांत ओसरलं. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. लघवीला जळजळ, आतून कोरडेपणा, खाज. रात्री तीन-चार वेळा उठणं. शिंक आली, जोरात हसू आलं की थेंब गळणं. अक्कलकुव्याला माझी फुफी राहते. तळोद्यामार्गे एस.टी.ने जायचं तर अम्मी आदल्या रात्रीपासून पाणी सोडायची. पुढे तिने जाणंच सोडलं. फुफी रुसली, "भाभीला आता आमची गरज नाही" म्हणाली. अम्मीने तेही ऐकून घेतलं, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

जळजळ वाढली की माझा भाऊ मेडिकलवरून गोळ्या आणायचा. भावाला फक्त "गर्मी हुई" एवढंच सांगितलेलं असायचं. तीन दिवस अँटिबायोटिक, मग महिनाभर बरं, की पुन्हा तेच.

२०२२ चा रमजान एप्रिलच्या उन्हात आला. आमच्या गल्लीत एका घरी बायका तरावीहला जमतात. अम्मी दरवर्षी जाणारी. त्या वर्षी ती चौथ्या-सहाव्या रकातीनंतर उठायची, वुझू करून यायची, पुन्हा उठायची. कोणीतरी हसलं असावं. पाचव्या दिवसापासून ती घरीच राहू लागली. एका रात्री मी परतले तेव्हा ती मुसल्यावर नुसती बसली होती. म्हणाली, "बेटा, मेरी नमाज होती भी है के नहीं, मालूम नहीं. कपड़ा पाक रहता ही नहीं."

त्या रात्री मी तिला पहिल्यांदा विचारलं, नेमकं काय होतं. आणि माझ्याकडे शब्दच नव्हते. उर्दूत ह्या वयाला सिन-ए-यास म्हणतात. यास म्हणजे नाउमेदी, निराशा. पाळीची आशा संपली एवढाच मूळचा अर्थ, पण ऐकणाऱ्या बाईला वाटतं की सगळीच आशा संपली. मराठीत रजोनिवृत्ती, म्हणजे सरकारी नोकरीतून पेन्शनीत निघाल्यासारखं, तेही पेन्शन न मिळता. आणि जिथे दुखतं त्या अवयवाला उर्दूत अंदाम निहानी म्हणतात, लपलेला अवयव. योनी हा शब्द तर मी आज ह्या पानावर आयुष्यात प्रथमच लिहिते आहे. अम्मी आणि मी त्या रात्री "वो", "वहाँ", "नीचे" एवढ्यावर बोललो. एवढ्यावर डॉक्टरला काय सांगणार?

शब्द दुसऱ्या कोणाकडे तरी होते. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत एका मोठ्या शहरात नातेवाइकांकडे गेलो असताना तिथल्या एका खाजगी दवाखान्याचं रंगीत पत्रक अम्मीच्या हाती पडलं. हिंदीत स्वच्छ लिहिलेलं होतं: सूखापन, जलन, खाँसते समय पेशाब निकलना. उपाय लेसर. ना चिरा, ना टाका, ना भूल. पंधरा मिनिटांची एक बैठक, अशा तीन. वर नवरा-बायकोचं हसरं चित्र आणि "फिर से जवान" असं काहीतरी. अब्बा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. अम्मीने चित्राकडे बघून पत्रक उलटं ठेवलं, पण फेकलं नाही. तिला जवान व्हायचं नव्हतं. तिला एक नमाज एका वुझूत पुरी करायची होती. तिथे फोन केला तर बाईने फार आपुलकीने बोलून पंचेचाळीस हजार सांगितले. दुसऱ्या दिवशी अम्मीने कानातल्या बाळ्या उतरवून माझ्यापुढे ठेवल्या.

मी आठ दिवस मागून घेतले. रात्री मुलं झोपली की मोबाईलवर वाचायचे. इंग्रजी माझी बेताची, एकेका परिच्छेदाला अर्धा तास लागायचा. पण विज्ञान शेवटी विज्ञानच.

अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक येतं तोवर योनीचं अस्तर जाड, ओलसर राहतं. त्या अस्तरातल्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू जगतात. दही लावणाऱ्या जंतूंचेच हे भाऊबंद. ते आम्ल तयार करतात, आणि त्या आंबटपणामुळे घातक जंतू लांब राहतात. पाळी गेली की इस्ट्रोजेन आटतं, अस्तर पातळ होतं, आंबटपणा जातो. लघवीची नळी आणि मूत्राशयाचं तोंड हेही त्याच संप्रेरकावर पोसलेलं, म्हणून जळजळ, घाई आणि वारंवार संसर्ग. २०१४ साली डॉक्टरांच्या संघटनांनी ह्या सगळ्या त्रासाला मिळून एकच नाव दिलं, कारण खालचा कोरडेपणा आणि लघवीचा त्रास हे एकाच घरातले आजार आहेत.

लेसर काय करतो? कार्बन डायऑक्साइड लेसरची कांडी आत घालून अस्तरावर अतिशय बारीक ठिपक्यांत भाजलं जातं. जखम भरताना नवं कोलाजेन येईल, रक्तपुरवठा वाढेल, अस्तर पुन्हा जाड होईल, ही अपेक्षा. कल्पना वेडगळ नाही. चेहऱ्याच्या कातडीवर असे लेसर वापरतात. पण अपेक्षा आणि पुरावा ह्यांत फरक असतो, हे मी मुलांना दर वर्षी सांगते.

जुलै २०१८ मध्येच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता की योनीच्या ह्या त्रासांसाठी अशी यंत्रं मंजूर केलेली नाहीत. भाजणं, व्रण पडणं, कायमचं दुखणं अशा तक्रारी आल्या होत्या. सात कंपन्यांना जाहिरातींबद्दल पत्रं गेली होती. २०२१ साली ब्रिटनच्या नाइस ह्या संस्थेने सांगितलं की हा उपचार संशोधनापुरताच करावा, कोरडेपणासाठीही आणि लघवी गळण्यासाठीही. आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा प्रयोग 'जामा' ह्या नियतकालिकात छापून आला. तो वाचताना मी अंथरुणावर उठून बसले.

पाळी गेलेल्या ८५ बायका. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. एका गटाला तीन वेळा खरा लेसर, दुसऱ्या गटाला तीच कांडी, तोच आवाज, पण उपचार खोटा. आपण कोणत्या गटात आहोत हे बायकांना माहीत नाही. वर्षभराने विचारलं, तर दोन्ही गटांना थोडं थोडं बरं वाटत होतं, आणि दोघांत फरक नव्हता. अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तिथेही फरक नाही. खोट्या लेसरनेही बरं का वाटावं? मला वाटतं, कोणीतरी वर्षभर त्यांना खाली काय होतं ते विचारत होतं. हा माझा तर्क आहे, प्रयोगात तसं लिहिलेलं नाही. लेसरच्या बाजूने बोलणारे अभ्यासही आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांत तुलनेसाठी खोट्या उपचाराचा गटच नाही.

मी बाळ्या अम्मीच्या कानात परत घातल्या. ती नाराज झाली. तिला वाटलं, मी पैशाकडे पाहिलं.

मग आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. रांगेत पुढे धडगावकडची एक बाई होती, चाळिशीही गाठली नसेल. ऊसतोडीला जाताना पाळीची कटकट नको म्हणून गर्भपिशवी काढून टाकली, म्हणाली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर सिन-ए-यास दुसऱ्याच दिवशी दारात येतो. ज्या अवयवाबद्दल बोलायची लाज, तो कापायला किंवा भाजायला सांगणं किती सोपं असतं!

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी अम्मीला खोकायला लावलं, तपासलं, लघवी आणि साखर तपासायला पाठवली. लघवीत जंतूच नव्हते. म्हणजे निदान त्या वेळची जळजळ तरी जंतूंची नव्हती. अशा किती वेळा तिने उगाच गोळ्या गिळल्या असतील, अल्लाह जाणे. मॅडमनी आतून लावायचं कमी ताकदीचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं: दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. स्तनाचा कॅन्सर झालाय का, पाळी गेल्यावर कधी रक्त गेलंय का, हे आधी विचारून घेतलं. तसं रक्त गेलं तर एक दिवसही थांबू नका, असं बजावलं. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू दिवसातून तीन वेळा आवळायचे, सोडायचे. अर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला, त्याला एक पैसा पडत नाही. चहा आणि तिखट कमी करा, म्हणाल्या. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर उमेदीची वर्षं घालवलेली माझी अम्मी ह्यावर पहिल्यांदा हसली.

मलमाची ट्यूब काही शे रुपयांची. दोन महिन्यांत जळजळ गेली, रात्रीचं उठणं एकावर आलं. शिंकेबरोबरचा थेंब अजून आहे, व्यायामाने कमी झालाय. मलम बंद केलं तर त्रास परत येतो, म्हणून ते चालूच ठेवायचं आहे. रमजानमध्ये ती इशानंतर लावते, म्हणजे रोजाचा प्रश्नच येत नाही.

राहिला नमाजचा सवाल. माझ्या ओळखीच्या एका आलिमा बाजीला विचारलं. त्यांनी माजूरचा मसला समजावला: त्रास न थांबणारा असेल तर प्रत्येक नमाजच्या वक्ताला वुझू करून नमाज पढता येते. अम्मी त्या अटीत बसते की नाही ते त्यांनी बारकाईने विचारून सांगितलं, तसं प्रत्येकीने आपापलं विचारावं. मग त्यांनी फातिमा बिन्त अबी हुबैश ह्यांची आठवण करून दिली. त्यांचं रक्त थांबत नसे. त्या थेट नबी (स.) यांच्याकडे गेल्या, विचारलं, आणि उत्तर घेऊन आल्या. हदीसमध्ये ते नावानिशी नोंदलेलं आहे. अम्मी हे ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "उनको शरम नहीं आई?" बाजी म्हणाल्या, "आई होगी, पर गईं."

हा लेख लिहू का, असं विचारलं तेव्हा अम्मीने दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लिख. मेरा नाम मत डाल."

परवा जोहरनंतर शेजारची खाला आली. दारातच उभी राहिली, मला बाजूला घेऊन कुजबुजली, "वो तेरी अम्मी का मलम..." मी काही बोलण्याआधी स्वयंपाकघरातून अम्मीचाच आवाज आला, भाऊ घरात होता तरी, "मलम का नाम उससे मत पूछ. पहले तपास करानी पड़ती है. मंगल को मेरे साथ चल."