कडी लावली का?

कुलूप लावणे आणि कुलूप लागले आहे यावर विश्वास बसणे, या दोन अगदी निरनिराळ्या क्रिया आहेत. जळगावहून एका दिवसासाठी धुळ्याला निघालेले कोणतेही मध्यमवर्गीय कुटुंब घ्या. कर्ता पुरुष कुलूप लावतो, तीनदा ओढून पाहतो, चौथ्यांदा त्याला जवळजवळ लोंबकळतो. तरी एस.टी. एरंडोल सोडते न सोडते तोच शेजारून प्रश्न येतो, "अहो, मागच्या दाराला कडी लावली का?" मग पारोळा, मुकटी करीत धुळे येईपर्यंत त्या गृहस्थाला खिडकीबाहेरचे काही दिसत नाही, दिसते ती फक्त कडी. आणि घरात असते काय? स्टीलचे चार डबे, एक कुरकुरणारा पंखा आणि कैरीच्या लोणच्याची बरणी.

लोणच्याची ही कथा, तर ज्या इमारतीत सरकारचा खजिना, कागदपत्रे किंवा दारूगोळा असतो, तिच्या दाराची निवड करणाऱ्याला झोप कशी लागत असेल? हा विचार माझ्या डोक्यात आपण होऊन आला नाही. दारावरची यंत्रे विकणाऱ्या एका तरुण परिचिताने आपली माहितीपुस्तिका मराठी करून घ्यायला माझ्याकडे आणली. विषय असा की, कडेकोट सरकारी इमारतींसाठी दाराची कोणती यंत्रणा निवडावी. मोबदला म्हणून त्याने मला एक कुलूप देऊ केले. माझ्या भाषांतराची किंमत त्याने अचूक ओळखली होती.

पुस्तिका वाचल्यावर कळले की, कितीही महागडे दार आणा, त्याला विचारता येतात ते तीनच प्रश्न. तुझ्याजवळ काय आहे? तुला काय माहीत आहे? आणि तू कोण आहेस?

पहिल्याचे उत्तर म्हणजे किल्ली किंवा कार्ड. पण कार्ड हे माणसाचे नसते, खिशाचे असते. खिसा बदलला की साहेब बदलतो. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे गुप्त आकडा. तो विसरू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. तिसऱ्याचे उत्तर म्हणजे आपण स्वतः: बोट, डोळा, चेहरा. हे घरी विसरता येत नाही. मात्र कष्टाच्या कामाने बोटांवरच्या रेषा झिजतात. रावेर-यावलकडे चाळीस वर्षे केळीचे घड उतरवलेल्या माणसाने बोट टेकवले, तर यंत्राला ते कोरे वाटू शकते. यंत्र फार कडक केले तर ते घरच्यांनाच बाहेर ठेवते, सैल केले तर परक्याला पाहुणा समजते. म्हणून धोका मोठा असेल तिथे दोन प्रश्न एकदम विचारावेत, कार्डही दाखव आणि बोटही टेकव, असा पुस्तिकेचा सल्ला होता.

खानदेशात तिसरा प्रश्न काही नवा नाही. गावात अनोळखी पोरगा शिरला की पारावरचा म्हातारा डोळ्यांवर हात धरून विचारतो, "तू कोना पोऱ्या शे?" बापाचे नाव कानावर पडले की म्हाताऱ्याच्या डोक्यातली वही उघडते. तीन पिढ्या, सोयरिकी, बांधावरची भांडणे, सगळी नोंद तपासून होते आणि मग पोराला चहा मिळतो. या यंत्रणेला वीज लागत नाही.

वीज! पुस्तिकेतले सर्वांत मोलाचे पान तिच्यावरच होते. चुंबकाचे कुलूप वीज असेपर्यंतच दार धरून ठेवते. वीज गेली की दार मोकळे. दुसऱ्या जातीचे कुलूप वीज गेली तरी बाहेरून बंदच राहते. आग लागली तर माणसांना पळता आले पाहिजे, म्हणून सुटकेच्या वाटेवर पहिली जात हवी. मौल्यवान खोलीला दुसरी, पण तीही आतून हाताने उघडणारी. नाहीतर माल वाचायचा आणि माणूस आत राहायचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना ज्याने बंद पंख्याकडे पाहत रात्र काढली आहे, त्या जळगावकराला या पानाचे भाषांतर करून द्यावे लागत नाही.

"शेवटी काय आप्पा," परिचित म्हणाला, "दार मजबूत हवं. बाकी सगळं गौण."

मी त्याला असीरगड सांगितला. बऱ्हाणपूरजवळचा हा किल्ला आज मध्य प्रदेशात आहे, पण एके काळी खानदेशची सगळी भिस्त त्याच्यावर होती. सन १४०० च्या सुमाराला तो आसा अहीर नावाच्या धनिकाकडे होता. फारुकी घराण्यातल्या नासिरखानाने त्याला निरोप धाडला की, शत्रूची भीती आहे, माझ्या घरच्या बायकांना गडावर आसरा द्या. आसाने माणुसकीने दार उघडले. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, पालख्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले. पुढे जानेवारी १६०१ मध्ये अकबराने हाच गड घेतला. त्या वेढ्यात सोन्याची किल्ली चालली असे कोणी म्हणतात, गडावर रोगराई माजली होती असे कोणी म्हणतात. दोन्ही वेळा दार मात्र शाबूत होते.

"हे राजेरजवाड्यांचं झालं," तो म्हणाला.

मग १४ एप्रिल १९४४ घ्या. इंग्रज सरकारचा साडेपाच लाखांचा खजिना धुळ्याहून नंदुरबारला निघाला होता. धुळ्याच्या कोषागाराच्या कुलपाला कोणी बोटही लावले नाही. डॉ. उत्तमराव पाटील आणि साताऱ्याकडचे जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी वगैरे क्रांतिकारकांनी तो वाटेत, चिमठाण्याजवळ, गाठला आणि स्वातंत्र्याच्या कामासाठी नेला. कुलूप धुळ्यात ठेवून पैसा रस्त्यावर आला, तर कुलपाने तरी काय करावे?

मग सरकारने काय निवडले? कोषागाराच्या भक्कम खोलीला जुनी पद्धत आहे ती दुहेरी कुलपाची. एक किल्ली एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय खोली उघडायची नाही. मतदानयंत्रांची गोष्ट तर याहून गमतीची. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जळगाव आणि रावेरचे मतदान १३ मे रोजी झाले, धुळ्याचे २० मे रोजी, आणि मतमोजणी ४ जूनला. म्हणजे जळगावची यंत्रे २२ दिवस आणि धुळ्याची १५ दिवस बंद खोलीत. यंत्रे बॅटरीवर चालणारी. पण खोलीला दोन साधी कुलुपे आणि त्यांवर मोहोर! आत जायला दार एकच, बाकीच्या वाटा बुजवलेल्या. दाराशी बंदूकधारी जवान, वर कॅमेरा, आत जाणाऱ्याची वहीत नोंद. शिवाय उमेदवारांच्या माणसांना आपापली मोहोर लावायची आणि बाहेर बसून पाहारा द्यायची मुभा. एकमेकांवर काडीचाही विश्वास नसलेली माणसे एकाच दाराकडे टक लावून बसतात, आणि म्हणूनच ते दार विश्वासाचे होते. आपल्याकडे सहकार पुष्कळ क्षेत्रांत झाला, पण अविश्वासाची इतकी सुरळीत चाललेली सोसायटी मी दुसरी पाहिली नाही.

"म्हणजे कोणाला बाहेर ठेवायचं, ते जमलं," परिचित समाधानाने म्हणाला. त्याने पुस्तिकेत मुंबईचे मंत्रालयही घातले होते. २०२५ पासून तिथे चेहरा ओळखून आत सोडणारी यंत्रणा आहे, आणि भेटायला येणाऱ्यांना मोबाइलवरून पास काढावा लागतो.

त्या पानाशी माझे भाषांतर थांबले. कारण चिमठाणे ज्या शिंदखेडा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात विखरण आहे. तिथले धर्मा पाटील हे ऐंशी ओलांडलेले शेतकरी. त्यांची जमीन सौर प्रकल्पासाठी घेतली गेली आणि मिळालेला मोबदला अपुरा आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. ते सांगत सांगत ते मंत्रालयापर्यंत पोचले. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी तिथेच जीवनाचा शेवट करायचे ठरवले; २८ जानेवारीला ते गेले. पुढच्या महिन्यात आणखी एकाने वरून उडी घेतली, तेव्हा मंत्रालयाच्या आतल्या चौकावर जाळी बांधली गेली. धर्मा पाटलांना फाटकाने अडवले नव्हते. ते आतच होते. अडले ते त्याच्या पुढे कुठेतरी, जिथे कार्ड, आकडा आणि बोट यांतले काहीच मागत नाहीत.

पारावरचा म्हातारा चेहरा ओळखून थांबत नाही. "कोना पोऱ्या शे" हे कळल्यावर तो पोराला बसवून घेतो आणि कशासाठी आलास हे विचारतो. म्हणून भाषांतर संपवताना शेवटच्या पानावर मी माझ्या पदरचा चौथा प्रश्न घातला: तुझे काम काय आहे?

परिचिताने पेन काढून तो सरळ खोडला. "आप्पा, हा प्रश्न दाराने विचारायचा नसतो."

त्याचे बरोबरच होते. तो आत बसलेल्या माणसाने विचारायचा असतो. पण त्या माणसाची निवड कशी करावी, याची पुस्तिका अजून माझ्याकडे भाषांतराला आलेली नाही.