चांद्या

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कब्जेदाराचे नाव असते, कुळाचे असते, आकार असतो, पीकपाणी असते. परंतु ज्याच्या खांद्यावर त्या जमिनीची सारी कसणूक उभी असते, त्या बैलासाठी तलाठ्याच्या दप्तरात रकाना नाही. म्हणून पेण तालुक्यातील आमच्या जोहे गावच्या शिवारात ज्याने जन्मभर इमानेइतबारे शेती केली, त्या चांद्याची हकीकत कोणत्याही दस्तऐवजात सापडावयाची नाही. ती घरच्यांनीच सांगावयास हवी.

चांद्या घरच्याच गाईचा. तांबूस अंग, कपाळावर पांढरा टिळा, आखूड शिंगे आणि काळे, कठीण खूर. देशावरच्या खिलारांपुढे आमची कोकणी गुरे अगदीच सामान्य दिसतात. परंतु थोडक्या पेंढ्यावर, आषाढाच्या अखंड धारेत, गुडघाभर चिखलातून दिवसभर जू ओढण्याचे जे सामर्थ्य त्यांच्या अंगी असते ते त्या ऐटदार जनावरांस लाभलेले नाही. पुढे या गुरांना ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. आमच्या वडिलांना मात्र ती मान्यता खांद्यावरचा घट्टा पाहूनच पटलेली होती. खोंड चौसा होताच त्यांनी त्याला नांगराला धरला. पहिल्याच पावसाळ्यात तो बांधाशी न हाकलता वळू लागला.

त्याचे वर्ष भाताच्या वर्षाशी जोडलेले असे. वैशाखात राब भाजले जात, मृगाच्या सरींवर पेरा होई आणि आषाढात चिखलणी सुरू झाली की त्याचा खरा हंगाम उभा राही. नांगरामागून चिखल सपाट करणारा गुठा फिरे, गुठ्यामागून बायकांच्या ओळी लावणीला वाकत. कापणीनंतर खळ्यात तिवड्याभोवती तो मळणीच्या फेऱ्या घाली. पुष्कळ घरांत मळणीच्या बैलांस मुसकी घालीत. आमच्या वडिलांनी ती कधी घातली नाही. ज्याने पिकविले त्याने खळ्यावर उपाशी फिरावे, हे त्यांच्या न्यायात बसत नव्हते. दिवाळीच्या पाडव्याला गुरे ओवाळून पेंढ्याच्या जाळावरून उडविण्याची चाल आमच्याकडे होती. तेव्हा इतर बैल बिचकत, चांद्या कपाळी हळद मिरवीत एका उडीत पार होई.

तो केवळ आमच्या घरचा राहिला नाही. सावडीच्या दिवशी तो शेजाऱ्यांच्या शेतात राबे. ज्या विधवेच्या घरी बैल नव्हता तिची दोन दिवसांची नांगरणी दरसाल त्याच्याकडे बिनतक्रार असे. आमच्याकडे खाडी हा शेतकऱ्याचा दुसरा सावकार. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वाऱ्याची साथ मिळाली की बाहेरच्या बांधाला खांड पडे, आणि खारे पाणी एकदा शेतात शिरले की पुढील कित्येक पावसाळे त्या जमिनीला पीक धरू देत नसे. १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला. परंतु रात्री खांड पडली तर कायद्याची वाट न पाहता गावालाच धावावे लागे, आणि दगड व पेंढा भरलेल्या गाड्यांत चांद्याची गाडी हटकून असे. श्रावण जवळ आला की पेणेहून गणपतीच्या मूर्तींसाठी शाडूची पोतीही त्यानेच वाहिली. आज जोह्याची ख्याती मूर्तींच्या कारखान्यांमुळे आहे. त्या मातीच्या वाहतुकीचा काही भार त्याच्याही मानेवर पडला.

त्याच्या भर उमेदीत १ एप्रिल १९५७ हा दिवस उजाडला आणि कूळकायद्याने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक ठरविले. मालकी मात्र फुकटची नव्हती. तिची किंमत जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे साऱ्याच्या, २० ते २०० पटींच्या दरम्यान न्यायाधिकरणाने ठरवावयाची आणि कुळाने हप्त्यांनी भरावयाची. आमचे हप्ते भाताने फेडले, आणि ते भात चांद्याने पिकविले. बुळकांडीच्या साथीने गोठेच्या गोठे रिकामे होण्याचे ते दिवस होते. २०११ साली तो रोग साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, पण त्या वेळी गुरांच्या डॉक्टरची लस टोचून घेण्यास लोक कचरत. वडिलांनी चांद्याला सर्वांच्या आधी पुढे केले, म्हणून मागून इतर गोठेही पुढे आले.

म्हातारपणी त्याचा खांदा सुजू लागला, तेव्हा दलाल दाराशी आला. जनावर वठले की बाजार दाखवावा हा व्यवहार होता, आणि घरात पैशाची ओढही होती. वडिलांनी दलालाला पाणी दिले आणि एवढेच म्हटले, “आपले हप्ते यानीच फेरले. आता याला इकून आपन काय खानार?” दलाल उठला.

पुढील दोन पावसाळे चांद्याला नांगर नव्हता. नव्या खोंडाच्या जोडीला त्याला फक्त हलक्या गुठ्याला धरीत, ते ओढण्यासाठी नव्हे तर शिकविण्यासाठी. खोंड उसळला तर तो जागीच पाय रोवी, आणि बांध आला की त्याच्यासह शांतपणे वळे. तिसऱ्या वर्षी शिमग्यानंतर तो गेला. आमच्याच शेताच्या कडेला त्याला पुरले. त्या वर्षी लावणी वेळेवर उरकली, आणि विधवेच्या शेतातील ते दोन दिवसही खोंडाने चुकविले नाहीत. शेतकऱ्याच्या पश्चात त्याच्या घराविषयी इतके सांगता आले, तर त्याचा संसार नीट झाला असे समजावे.