ताणानंतरचं पाणी

मे महिन्यात तिवशात पारा ४५ अंशांना टेकतो. वर्धेच्या खोऱ्यातली काळी जमीन भेगाळते, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. आणि ऐन याच दिवसांत गच्चीवरच्या कुंडीतला मोगरा भरात असतो. सकाळी हिरवट, घट्ट असलेली कळी दुपारभर टपोरी होत जाते आणि दिवेलागणीनंतर उमलते.

कुंडीत नुसती काळी माती चालत नाही. पावसाळ्यात ती फुगून पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. उन्हाळ्यात आक्रसून कुंडीची कड सोडते, मग घातलेलं पाणी मुळांना न शिवताच खाली निघून जातं. म्हणून तिच्यात रेती आणि मुरलेलं शेणखत मिसळायचं. कुंडीही मातीचीच हवी; ती पाझरते, म्हणून मुळं माठातल्या पाण्यासारखी गार राहतात.

खरी मेख मात्र पाण्याची. हा संत्र्याचा मुलूख. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात. मग खत आणि पाणी मिळालं की झाड पांढऱ्या फुलांनी लगडतं. "झाडाले ताणावर सोडल्याबिगर बहार नाही येत," असं इथले बागाईतदार सांगतात. मोगऱ्यालाही मी थंडीत तसाच ताण देते, शेंडे छाटते आणि थंडी सरताना पुन्हा पाणी सुरू करते. नवी फूट येते आणि फुलं त्या फुटीवरच धरतात.

झाड जपायची तऱ्हा मात्र हवेप्रमाणे बदलते. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात संत्रावर्गीय झाडांसाठी एक भव्य इमारत उभारली गेली. लाकडी पेट्यांतली झाडं हिवाळाभर तिथं ठेवायची, ऊब आली की बाहेर काढायची. तिकडे झाड जपायचं ते थंडीपासून. इथं ते जपायचं उन्हापासून, आणि अती पाण्यापासूनही.

पण ताणामुळे बहर येतो, हे अर्धंच खरं. मला कुंडीपाशी रोज बसावं लागतं, माती बोटांनी उकरून पाहावी लागते, पान किती मलूल झालंय ते जोखावं लागतं. ताण लांबला तर फांदी वाळते. मग कितीही पाणी ओता, तिला पालवी फुटत नाही. फुलं येतात ती ताणानंतर वेळेवर मिळालेल्या पाण्यामुळे. वऱ्हाडात ताण कुणाच्याच वाट्याला कमी आलेला नाही. कष्टानं माणूस घडतो असं म्हणणाऱ्यानं आधी हातात झारी घ्यावी.