टिंबवाली फाइल

तर झालं असं की आमच्या टीममध्ये नवीन आलेली एक मुलगी धुळ्याहून काम करते आणि मी जळगावहून. मध्ये नव्वदेक किलोमीटर, एरंडोल आणि पारोळा. तिच्या मशीनवर अकरा टेस्ट फेल. माझ्याकडे सगळ्या पास, बिल्ड सर्व्हरवरही पास. साहेबांचं निदान तयारच होतं, "तुझं मशीन बिघडलंय, फॉरमॅट मार." बिचारी चार दिवस स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसलेली, त्यात प्रोबेशन चालू!

शुक्रवारी रात्री फोनवर म्हणाली, "दादा, माझे सगळे बदल काढून टाकले तरी फेलच होताहेत."

म्हणजे कोड नाही, आजूबाजूचं काहीतरी. तिला म्हटलं, एक रिकामं फोल्डर कर, होम व्हेरिएबल तिकडे वळव आणि टेस्ट चालव. (कमिटसाठी लागणारं नाव-ईमेल आमच्या टेस्ट स्वतःच देतात.) सगळ्या पास!

मग तिची गिटची कॉन्फिग फाइल उघडली. नावाआधी टिंब, म्हणून साध्या यादीत दिसत नाही. निम्म्या ओळी काढायच्या, टेस्ट चालवायच्या, परत निम्म्या... असं करत दोन चोर सापडले. एक ओळ प्रत्येक कमिटवर जीपीजीची सही करायला लावणारी. आमच्या टेस्ट तात्पुरती रिपॉझिटरी बनवून तिच्यात कमिट करतात. सहीसाठी पासफ्रेज मागितला जातो, द्यायला कोणी नाही, कमिटच होत नाही. दुसरी ओळ नव्या रिपॉझिटरीच्या पहिल्या ब्रँचचं नाव 'मेन' ठेवणारी. ही सोय गिट २.२८ मध्ये, जुलै २०२० ला आली. आणि आमच्या टेस्ट शोधत होत्या 'मास्टर'! पहिल्या चोरामागे दुसरा लपलेला, त्यामुळे कुठलीही एकच ओळ काढून भागत नव्हतं.

साहेब म्हणाले, "दोन्ही ओळी उडव, विषय संपव." मला नाही पटलं. कमिटवर सही करणं ही चांगली सवय आहे, उलट आम्हीच ती लावून घ्यायला हवी. टेस्टनं तिच्या घरात डोकवायचं कामच काय? गिटच्या स्वतःच्या टेस्टसुद्धा होम तात्पुरत्या फोल्डरकडे वळवूनच चालतात. सोमवारी आम्हीही तेच केलं. एक्सडीजी कॉन्फिग होमही वळवलं, कारण गिट तिथेही बघतं. २०२१ च्या गिट २.३२ पासून ग्लोबल फाइल कुठली घ्यायची ते सांगणारं वेगळं व्हेरिएबल आहे, पण आमच्या काही सर्व्हरवर त्याहून जुनं गिट आहे.

जाता जाता लोकॅलही 'सी' करून टाकलं. मराठी लोकॅल लावलं की 'डेट' कमांड महिन्याचं नाव मराठीत छापते, आणि आमची एक टेस्ट ते इंग्रजीतच वाचते.